संत्रं घेताना आधी बहार विचारा: नवख्यांसाठी हंगामभराची वाटाडी

माझं माहेर विदर्भातल्या वरूडकडचं. दिवाळी सरली की आईचा फोन येतो आणि बोलणं दोन मिनिटांत संत्र्यावर येतं. "यंदा आंबिया बरा धरलाय," किंवा "फळगळ लय झाली गं बाई." गेली पंधरा वर्षं मी पुण्यात राहते. इथल्या मैत्रिणी दर हिवाळ्यात एकच तक्रार करतात: इतकी सुंदर केशरी संत्री आणली, पण चव काही नाही. कधी आंबट, कधी फोपशी, कधी नुसता चोथा. त्यांना मी जे तुकड्यातुकड्यांनी सांगत आले, ते एकदा सलग लिहावं म्हणून हा लेख. संत्रं कधी घ्यायचं, कसं पारखायचं, घरी कसं ठेवायचं आणि कसं खायचं, त्याच क्रमानं सांगते.

(आमच्याकडे 'तो संत्रा' म्हणतात, पुण्या-मुंबईकडे 'ते संत्रं'. इथं मी 'संत्रं' लिहिलंय, पण मनात 'संत्रा'च आहे.)

पहिली पायरी: हंगाम एक नाही, दोन आहेत

बहुतेकांना वाटतं, थंडी आली की संत्र्याचा हंगाम सुरू होतो आणि थंडी गेली की संपतो. तसं नाही. विदर्भातलं संत्रं वर्षात दोनदा बाजारात येतं, आणि दोन्ही वेळची फळं चवीनं वेगळी असतात. एवढं समजलं की निम्मं काम झालं.

संत्र्याच्या झाडाला वर्षातून तीनदा फुलं येऊ शकतात. या फुलोऱ्याला बहार म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत, आंब्याला मोहोर येतो त्याच सुमाराला फुटतो तो आंबिया बहार. जून-जुलैत मृगाच्या पावसावर फुटतो तो मृग बहार. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फुटतो तो हस्त बहार. तिन्ही बहारांचं ओझं एका झाडावर ठेवलं तर झाड खंगतं, म्हणून शेतकरी त्यातला एक धरतो. विदर्भात मुख्य बहार दोनच, आंबिया आणि मृग.

बहार 'धरायचा' म्हणजे झाडाला ताण द्यायचा. बागेचं पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, थोडी गळतात, झाड जणू श्वास रोखून धरतं. मग खत घालून पाणी सोडायचं की फांदीफांदीवर पांढरी फुलं फुटतात. त्या आठवड्यात बागेत संध्याकाळी शिरलं की वास अंगाला चिकटतो, घरी येऊन साडी बदलली तरी जात नाही. आंबियाला थंडीचीही मदत होते. मृगाचं मात्र सगळं आभाळावर असतं. मे महिन्याच्या उन्हात झाडं तहानलेली ठेवायची आणि पावसाची वाट पाहायची. मध्येच अवकाळी पाऊस पडून ताण तुटला किंवा मृगाचा पाऊस लांबला, तर बहार फुटतच नाही. मृगाची संत्री एखाद्या वर्षी भरपूर येतात आणि एखाद्या वर्षी औषधालाही दिसत नाहीत, ती यामुळे.

फुलापासून फळ तयार व्हायला आठ-नऊ महिने लागतात. त्यामुळे आंबियाची फळं ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येतात. मृगाची फेब्रुवारीत सुरू होतात आणि मार्चअखेरपर्यंत, कधी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत चालतात. आंबिया आंबटगोड आणि रसाला भरपूर. मृग जास्त गोड, रंगानं गडद, सालीला घट्ट. मला स्वतःला डिसेंबरातला आंबिया आवडतो, कारण त्या आंबटपणात जीव असतो. आमच्या घरात बाकी सगळे मृगाचे.

तर फळवाल्याला पहिला प्रश्न हा विचारायचा: "भाऊ, आंबिया आहे का मृग?" त्याला उत्तर देता आलं तर समजा, तो माल कुठून येतो हे जाणतो. तो नुसता तोंडाकडे पाहत राहिला तर स्वतःच्या हातावर आणि नाकावर भिस्त ठेवायची. ते कसं, ते पुढं येईलच.

दुसरी पायरी: टोपलीत आहे ते संत्रंच आहे ना?

आता दोन हंगामांच्या मधल्या महिन्याकडे पाहा. आंबिया डिसेंबरात ओसरतो, मृग फेब्रुवारीत सुरू होतो. मग ऐन जानेवारीत, संक्रांतीच्या बाजारात, गाडीवर रचलेलं ते चकचकीत गडद केशरी फळ कोणतं? बहुतेक वेळा तो किन्नू असतो.

किन्नू पंजाब-राजस्थानातून येतो. अबोहरचा पट्टा त्यासाठी प्रसिद्ध आहे. 'किंग' आणि 'विलो लीफ' अशा दोन जातींच्या संकरातून हे फळ १९१५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात तयार झालं आणि पुढं पंजाबच्या मातीत चांगलं रुजलं. फळ उत्तम आहे, रसाला तर फार चांगलं. पण ते नागपुरी संत्रं नव्हे. पुण्यात मी ते 'नागपूर संत्रा' म्हणून विकताना अनेकदा पाहिलंय, आणि लोक घरी नेऊन नागपूरला नावं ठेवतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दोन्ही ओळखणं सोपं आहे. किन्नूची साल गुळगुळीत, चमकदार आणि गराला घट्ट चिकटलेली. फळ दोन्हीकडून चपटं. आत बिया पुष्कळ, एका फोडीत दोन-तीन सहज. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि जरा खडबडीत, रंग पिवळसर केशरी, आणि देठाकडे बहुधा थोडी उंचवट्यासारखी मान. अंगठा घातला की साल सुटते, नखाचं काम पडत नाही. फोडी दहा-बारा, बिया मोजक्या.

मोसंबी तर वेगळीच. तिची साल सुरीशिवाय निघत नाही, आणि महाराष्ट्रात तिचं घर जालना. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, नागपुरी संत्र्याला त्याआधी २०१४ साली.

'नागपुरी' हे नाव मात्र फक्त नागपूर शहरापुरतं घेऊ नका. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर ही नागपूर जिल्ह्यातली गावं. अमरावती जिल्ह्यात वरूड, मोर्शी, अचलपूर, चांदूर बाजार. शिवाय सीमेपलीकडे मध्य प्रदेशात पांढुर्णा आणि सौंसर. वरूडला 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणतात. तालुक्यातलं शेंदुरजनाघाट संत्र्याच्या कलमांसाठी ओळखलं जातं. जंबेरी या लिंबाच्या जातीच्या रोपावर संत्र्याचा डोळा (फांदीवरचा कोंब) बांधून तिथल्या रोपवाटिका कलमं तयार करतात आणि ती दूरदूर जातात.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एवढंच सांगते. तिकडे हिवाळ्यात मिळणारी क्लेमेंटाइन, सात्सुमा, टँजरीन ही सगळी आपल्या संत्र्याचीच भावंडं, सैल सालीची. क्लेमेंटाइन आणि सात्सुमात बी जवळजवळ नसते. टँजरीन हे नाव मोरोक्कोच्या टँजिअर बंदरावरून पडलं. पारख करायचे खालचे नियम त्यांनाही चालतात.

तिसरी पायरी: रंगावर जाऊ नका, वजनावर जा

माझे मामा बागेत फळ तोडताना ते कधी डोळ्यांसमोर धरून पाहत नसत. तळहातावर घ्यायचे, एकदा हलकंच वर उडवायचे आणि झेलायचे. तेवढ्यात त्यांना कळायचं. मी लहानपणी खूप वेळ ते पाहत बसायचे, आणि शेवटी त्यांनी एकसारख्या आकाराची दोन फळं माझ्या दोन्ही हातांत ठेवली. एक दगडासारखं, एक चेंडूसारखं. सोलून पाहिलं तर दगडाच्या फोडी ताठ भरलेल्या. चेंडूच्या आत साल आणि गर यांच्यात बोटभर पोकळी, फोडी आक्रसलेल्या आणि गराचे दाणे पांढरट, कोरडे. असं फळ 'पोलं' असतं. झाडावर जास्त दिवस राहिलं, जास्त मोठं झालं की फळ पोलं होतं.

म्हणून पहिला नियम: एकाच आकाराची दोन फळं दोन हातांत घ्या आणि जड असेल ते ठेवा. गाडीवरचं सगळ्यात मोठं फळ घ्यायचा मोह टाळा. मध्यम आकार सगळ्यात भरवशाचा.

दुसरं, साल बोटानं दाबून पाहा. ती थोडी सैल लागली पाहिजे, पण आत हवा भरल्यासारखी दबायला नको. देठाची चकती पाहा. ती हिरवट आणि घट्ट असेल तर फळ ताजं तोडलेलं आहे. काळी पडून सुटली असेल तर फळाला बरेच दिवस झालेत, आणि कूज बहुधा तिथूनच आत शिरते.

तिसरं, बारीक भोक शोधा. टाचणीनं टोचल्यासारखं एक टिंब आणि त्याच्याभोवती रुपयाएवढा मऊ, पिवळट डाग. रात्री येणारा रस शोषणारा पतंग फळाला सोंड लावतो, त्याची ही खूण. आंबियाच्या फळांत हे जास्त दिसतं. असं फळ दोन दिवसांत सडतं आणि शेजारच्यांनाही घेऊन जातं.

सालीवरच्या तपकिरी-लालसर चट्ट्यांना मात्र भिऊ नका. कोळी नावाच्या अतिशय बारीक किडीमुळे ते पडतात, शेतकरी त्याला 'लाल्या' म्हणतात. बाजारात अशा फळाचा भाव पडतो आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं, पण आतला गर बहुतेक वेळा चांगला निघतो. मी तर अशी फळं मुद्दाम घेते. स्वस्त पडतात, आणि एकदा साल निघाली की कोण विचारतं!

आता रंगाविषयी. ऑक्टोबरात येणारा पहिला आंबिया बराचसा हिरवा असतो, कधी अर्धा हिरवा अर्धा पिवळा. लोक तो कच्चा समजून सोडतात. साल केशरी व्हायला रात्रीचा गारवा लागतो. रात्री गार पडल्या की सालीतलं हिरवं द्रव्य विरघळत जातं आणि खालचा केशरी रंग वर दिसतो. ऑक्टोबरात विदर्भात रात्री अजून उबदार असतात, म्हणून आतून खाण्याजोगं झालेलं फळही वरून हिरवं राहतं. मृगाचं फळ डिसेंबर-जानेवारीची थंडी झाडावर काढतं, म्हणून ते गडद दिसतं. व्यापारात काही ठिकाणी हिरव्या फळांना इथिलीन वायूची धुरी देऊन रंग आणतात. त्यानं साल बदलते, आतली गोडी तेवढीच राहते.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते. संत्रं आंब्यासारखं आढीत पिकत नाही. तोडलं त्या क्षणी जेवढं गोड, तेवढंच गोड. आंबट संत्री "ठेवू चार दिवस, गोड होतील" म्हणून ठेवली तर ती फक्त सुकतात. त्यामुळे घेण्याआधी एक चाखणं हाच खरा उपाय. आमच्याकडचे विक्रेते स्वतःच एक फळ फोडून समोर धरतात, "घ्या ताई, चाखून तर पाहा." संकोच न करता चाखा.

नागपूरला हिवाळ्यात जाणार असाल, कामानं म्हणा किंवा डिसेंबरच्या अधिवेशनाच्या निमित्तानं, तर येताना जाळीच्या पिशवीत घेऊन या. कळमना बाजारात घाऊक सौदे टनावर होतात, पण शहरात कुठेही किरकोळ माल ताजा मिळतो. मोठी फळं वेगळी काढल्यावर उरणाऱ्या लहान फळांना आमच्याकडे 'चुरी' म्हणतात. रसासाठी चुरी घ्या. दिसायला बारकी, चवीला खणखणीत, आणि भाव निम्मा.

चौथी पायरी: घरी आणल्यावर

पिशवी तशीच कोपऱ्यात ठेवू नका. सगळी संत्री टेबलावर पसरा आणि एकेक हातात घेऊन पाहा. चेपलेली, देठ सुटलेली, मऊ डागाची बाजूला काढून ती आजच खा. एका फळावर पांढरी-हिरवी बुरशी आली की ती धुळीसारखी उडते आणि खालची चार फळं दोन दिवसांत खराब होतात. बुरशीचं फळ उचलताना झटकू नका. कागदात गुंडाळून सरळ बाहेर टाका आणि त्याला टेकलेली फळं पुसून घ्या.

ठेवण्याआधी धुऊ नका. ओल राहिली की बुरशी धरते. खायच्या वेळी धुवायचं.

थंडीत टोपलीत, हवेशीर जागी, एकावर एक दोन थरांपेक्षा जास्त न रचता आठवडाभर छान राहतात. त्याहून जास्त ठेवायची असतील तर फ्रिजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात, भोकं पाडलेल्या किंवा कापडी पिशवीत ठेवा. दोन-तीन आठवडे टिकतात. बंद प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो, ते नको. मृगाची फळं मार्चमध्ये आणली तर पहिल्या दिवसापासून फ्रिजच बरा, तेव्हा ऊन तापायला लागलेलं असतं.

फ्रिजमधलं संत्रं लगेच खाऊ नका. अर्धा तास बाहेर ठेवा. गार फळाचा वास मिटून बसतो, आणि संत्र्याची निम्मी चव वासात असते.

पाचवी पायरी: सोलणं आणि खाणं

देठाकडून सुरुवात करा. तिथं साल सगळ्यात सैल असते. अंगठा मानेखाली सरकवायचा आणि साल मोठ्या पाकळ्यांत, खालच्या टोकाशी जुळलेली ठेवून उलगडायची. फूल उमललं की तीच तुमची ताटली. बिया, शिरा सगळं त्यातच.

मग फळ मधोमध दोन भागांत फोडा. पिकलेल्या नागपुरी संत्र्याच्या मधोमध पोकळी असते, त्यामुळे दोन्ही अंगठे घातले की ते आपोआप उघडतं. पांढरे धागे ढोबळ मानानं काढा. सगळे काढत बसू नका, ते खाल्ले तर चांगलेच, चोथा पोटाला हवाच असतो.

आता फोड. नवखे ती तशीच तोंडात टाकतात, चावतात आणि मग पापुद्रा कुठं थुंकावा या विचारात पडतात. आमच्या आजीची पद्धत अशी होती. फोडीची जी आतली, पातळ कड असते ती दातांनी हलकेच फाडायची. दोन्ही बाजूंचा पापुद्रा पुस्तकासारखा उघडायचा आणि फोड उलटी करायची. बी समोर येते, ती काढून टाकायची. आतले रसाचे टपोरे थेंब, एकमेकांना चिकटून उभे, उन्हात काचेसारखे चमकतात. त्यावर चिमूटभर मीठ आणि लाल तिखट भुरभुरायचं. ते ओठांनी ओढून घ्यायचं आणि पापुद्रा सालीत टाकायचा. आंबियाला हे मीठ-तिखट फार शोभतं. मृगाला काही लावू नका.

हे सगळं करायची वेळ म्हणजे हिवाळ्यातली सकाळ, अकराच्या आसपास, गच्चीवर पाठीला ऊन घेऊन. चार जण असले तर फारच छान. कोणीतरी साल दुमडून शेजारच्याच्या अंगावर तिची पिचकारी मारणारच. सालीतल्या तेलानं डोळे चुरचुरतात, म्हणून डोळ्यांपासून जपा. तेच तेल मेणबत्तीच्या ज्योतीवर उडवलं तर ज्योत तडतडत पेटते. मुलांना हे मोठ्यांनी स्वतः करून दाखवावं.

"थंडीत संत्रं? सर्दी होईल." हे वाक्य प्रत्येक घरात आहे. सर्दी विषाणूमुळे होते, संत्र्यानं होत नाही. ज्याला खोकला लागलाय त्याला आंबट आणि गार खाऊन घसा खवखवल्यासारखा वाटू शकतो, तेवढ्यापुरतं थांबावं. बाकी शंभर ग्रॅम गरात साधारण २५ ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि सुमारे ८५ टक्के पाणी असतं. थंडीत आपण पाणी कमी पितो, तेव्हा दिवसाला दोन संत्री ही चांगली सवय. मधुमेह असेल तर रस पिण्यापेक्षा फोडी खाव्यात. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी किती खायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

सहावी पायरी: रस, आणि तो कडू का होतो

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सासरी पाहुणे आले होते. माहेरची संत्री आलेली, म्हणून मी उत्साहानं रस काढला. फोडी तशाच मिक्सरमध्ये फिरवल्या, गाळल्या, जग भरून ठेवला. पाहुणे तासाभरानं बसले आणि पहिल्या घोटालाच सगळ्यांचे चेहरे बदलले. रस कडू जहर झाला होता, काढल्या काढल्या मी चाखला तेव्हा गोड होता. मला रडू यायचं बाकी होतं, आणि मुख्य म्हणजे कारण कळत नव्हतं.

कारण नंतर समजलं. संत्र्याच्या बियांत आणि पापुद्र्यात असं एक द्रव्य असतं जे मुळात कडू नसतं. बी किंवा पापुद्रा चिरडला गेला की ते आंबट रसात मिसळतं आणि हळूहळू त्याचं लिमोनिन बनतं. ते कडू. म्हणून रस ताजा असताना गोड लागतो आणि ठेवल्यावर कडवट होतो. नागपुरी संत्र्याच्या रसाची ही जुनी डोकेदुखी आहे, मोठ्या कारखान्यांनाही ती सोडवावी लागते.

घरी उपाय साधा आहे. फळ आडवं कापून हातानं फिरवायच्या लिंबू-पिळणीवर हलक्या दाबानं पिळा, शेवटचा थेंब काढायचा हट्ट नको. मिक्सरच वापरायचा असेल तर फोडीतल्या बिया काढा, जमेल तेवढे पापुद्रे काढा, आणि मिक्सर दोन-तीनदा फक्त चालू-बंद करा. लगेच गाळा आणि लगेच प्या. चिमूटभर सैंधव घातलं तर साखर लागत नाही. रस करून ठेवायचा नाही, हे पक्कं लक्षात असू द्या.

सातवी पायरी: संत्रा बासुंदी, एकदा तरी

नागपूरची संत्रा बर्फी सगळीकडे मिळते, ती विकतच आणा. घरी करायची तर बासुंदी.

एक लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या कढईत आटवा. निम्म्याहून थोडं कमी राहीपर्यंत, कडेची साय खरवडून आत घालत. चार-पाच चमचे साखर आणि थोडी वेलची. साखर बेतानंच घाला, संत्र्याची गोडी यायची आहे. मग गॅस बंद. दूध पूर्ण निवू द्या, आणि नंतर फ्रिजमध्ये तीन-चार तास, चांगलं थंडगार होईपर्यंत ठेवा. ही पायरी गाळली तर सगळं गेलं, कारण कोमट दुधात संत्रं पडलं की ते फाटतंच.

तोवर तीन-चार मृगाची संत्री सोलून फोडींचा पापुद्रा आणि बिया काढा. गर मोकळा करा, पण कुस्करू नका. सुटलेला रस वेगळा काढून पिऊन टाका. फक्त कोरडा गर थंड बासुंदीत, वाढायच्या दहा मिनिटं आधी, डावानं हलकेच मिसळा. आंबियाची फळं यासाठी घेऊ नका, त्यांचा आंबटपणा थंड दुधालाही झेपत नाही. उरली तर त्याच दिवशी संपवा.

साल टाकू नका

मेण लावून चकाकी आणलेल्या फळांची साल खाण्यात वापरू नका. साध्या, न चमकणाऱ्या फळांची घ्या, तीही चांगली धुऊन.

माझ्या शेजारच्या कानडी काकू संत्र्याच्या सालीचं गोज्जू करतात. मी ते त्यांच्याकडूनच शिकले. एका फळाची साल बारीक चिरायची, दोनदा पाण्यात उकळून पाणी टाकून द्यायचं म्हणजे कडवटपणा उतरतो. मग तेलात मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी, त्यात साल परतायची, चिंचेचा कोळ, गूळ, तिखट, मीठ घालून दाट होईपर्यंत शिजवायचं. गरम भाकरीबरोबर चमचाभर पुरतं. पहिल्यांदा करताना गूळ थोडा सढळ हातानं घाला.

आणि उरलेल्या साली सुपात पसरून सावलीत वाळवा. आतली पांढरी बाजू वर ठेवायची, चार-सहा दिवसांत त्या कडकडीत वाजायला लागतात. मिक्सरमध्ये दळून, मलमलच्या फडक्यातून चाळून ती पूड कोरड्या बरणीत भरा. मार्चमधल्या शेवटच्या मृगाच्या साली मी अशाच ठेवते. दिवाळीच्या आदल्या रात्री उटण्यात दोन चमचे मिसळायला बरणी उघडते, आणि सात महिन्यांनीही ती तशीच घमघमते. तोवर पहिला हिरवट आंबिया बाजारात आलेला असतो.